कवि पोप ह्याचें स्वातंत्र्य

विनोद आणि शहाणपण ह्यांची सांगड अठराव्या शतकाच्या इंग्रजी कवितेंत ज्यानें सर्वांत घट्ट घातली, त्या अलेक्झांडर पोपच्या कित्येक ओळी आज म्हणींप्रमाणें लोकांच्या तोंडीं आहेत. त्या कोणाच्या हें मात्र बोलणारांस बहुधा ठाऊक नसतें. हें चातुर्य कोणत्या स्थितींत वाढलें तें आम्ही वाचकांपुढें मांडतों.

पोप १६८८ सालीं लंडनांत एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरीं जन्मला. घराणें रोमन कॅथॉलिक. ह्या पंथाच्या लोकांस इंग्लंडांत त्या काळीं विद्यापीठाची पदवी नाहीं, सरकारी अधिकार नाहीं, जमीन विकत घेण्याची मोकळीक नाहीं. राजधानीच्या दहा मैलांच्या आंत राहण्यासही कायद्याची आडकाठी! बापानें पुढें विंडसरच्या रानांतील बिनफील्ड गांवीं बिऱ्हाड नेलें, आणि मुलगा बहुतेक घरींच वाचून शिकला. लहानपणींच कण्यास क्षय होऊन पाठीस पोक आलें. उंची सुमारें साडेचार फूटच राहिली. त्यांतून आडनांवही असें कीं, तें ऐकतांच इंग्रज प्रॉटेस्टंटानें नाक मुरडावें.

१७११ सालीं टीकाशास्त्रावरील त्याचा पद्यनिबंध निघाला. त्यांतील चिमट्यानें चिडून डेनिस नांवाच्या टीकाकारानें त्याच्या पोकाचीही छापून कुचेष्टा केली. पुढल्याच वर्षीं, एका लॉर्डानें एका तरुणीच्या केसांची बट कापल्यावरून दोन कॅथॉलिक घराण्यांत वाकडें आलें असतां, समेटासाठीं एका मित्राच्या सूचनेवरून पोपनें त्या बटेवर महाकाव्याच्या थाटाचें विनोदी काव्य रचलें. विनोदाचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस माहीत नाहीं.

परंतु त्याची खरी करामत हिशेबाच्या वहींत दिसते, आणि आमच्या व्यापारी वाचकांनीं ती अवश्य पाहावी. होमरच्या ‘इलियड’चें भाषांतर सहा भागांत, दर भागास एक गिनी, अशी वर्गणी त्यानें वाचकांकडून घेतली. लिंटॉट ह्या प्रकाशकानें दर भागास दोनशें गिनी देऊन वर्गणीदारांच्या प्रती स्वखर्चानें पुरविल्या. म्हणजे वर्गणी सगळी कवीच्या पदरीं! १७१५ ते १७२० ह्या काळांत त्यास सुमारें पांच हजार पौंड मिळाले. इतर कवि धनिकांच्या दारीं अर्पणपत्रिका घेऊन उभे राहत. ह्यानें आपला ग्रंथ काँग्रीव्ह ह्या नाटककारास अर्पण केला.

दोष झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ‘ओडिसी’च्या चोवीस सर्गांपैकीं बारा ब्रूम व फेंटन ह्यांनीं केले असतां त्यांचा वांटा त्यानें लपविला. १७२८ च्या ‘डन्सियड’मध्यें तर त्यानें भिकार लेखकांबरोबर त्यांच्या उपासमारीचीही थट्टा केली. स्वतःच्या पोकावरील हंसें ज्यास झोंबलें, त्यानें दुसऱ्याच्या रिकाम्या पोटास हंसावें, हें आम्हांस अक्षम्य वाटतें.

१७१९ पासून तो थेम्सकांठीं ट्विकनम येथें राहिला, तोही भाडेपट्ट्यानें; कारण इतका पैसा गांठीं असूनही कायद्यानें त्यास जमीन घेतां येत नव्हती. १७४४ सालीं तो तेथेंच वारला. कॅथॉलिकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क मिळाला तो १८२९ सालीं. तत्पूर्वींच, १८०८ मध्यें, बघ्यांच्या रहदारीस कंटाळून नव्या मालकिणीनें पोपचें घर पाडून टाकलें. त्यानें हौसेनें सजविलेलें घराखालचें भुयार तेवढें उरलें आहे.