साबणातील अहिंसा : अर्देशिर गोदरेज

अहिंसेचा विचार आहारापुरता मर्यादित नाही. स्नानगृहातील साबणाच्या वडीपर्यंत तो पोहोचतो. महाराष्ट्राच्या भूमीत हा विचार व्यापारात उतरविणारे थोर पारशी उद्योजक म्हणजे अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज.

त्यांचा जन्म 1868 साली झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकिलीसाठी झांझिबारला गेले. परंतु अशिलासाठी असत्याची बाजू मांडणे मनाला न पटल्याने त्यांनी तो व्यवसायच सोडला. मुंबईस परतून त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनविली. मालावर हिंदुस्थानचे नाव नको, अशी ग्राहक असलेल्या इंग्रज पेढीची अट होती. ती अमान्य करून त्यांनी हाही धंदा गमावला. पुढे 1897 मध्ये लालबाग येथे कुलपांचा कारखाना निघाला. बंधू पिरोजशा यांच्या साथीने तिजोऱ्यांनाही लौकिक लाभला.

त्या काळी साबणात जनावरांची चरबी सर्रास वापरली जाई. अन्न शुद्ध ठेवणाऱ्या घरांतही अंगाला मात्र नकळत चरबीच लागत असे. चरबीवाचून चांगला साबण होत नाही, हा समज अर्देशिर यांनी खोडून काढला. 1918 च्या सुमारास केवळ वनस्पती तेलांपासून बनविलेला त्यांचा ‘चावी’ साबण बाजारात आला. नंतर ‘नंबर दोन’ आणि त्यामागून ‘नंबर एक’ आले. दुसरा क्रमांक इतका उत्तम, तर पहिला कसा असेल, हे कुतूहल ग्राहकात जागविण्याची ही व्यापारी चतुराई होती. कविवर्य रवींद्रनाथ टागोर यांनीही या साबणाची शिफारस केली.

मिळविलेले धन त्यांनी देशकार्यास दिले. टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी तीन लाख रुपये अर्पण केले. 1936 साली त्यांचे देहावसान झाले.

2014 साली भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर व अशा परदेशी मालाच्या आयातीवर बंदी आली. तरीही चाचणी नसणे आणि चरबी नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुलमंडीवर साबण वा धुण्याची पावडर घेताना दोन्हींची चौकशी करावी. वेष्टनावर ‘सोडियम टॅलोएट’ असल्यास त्यात चरबी आहे, हे जाणावे. नाव वा जाहिरात पाहून थांबू नये, घटक वाचावेत.

विक्रेत्याने सत्य सांगावे आणि ग्राहकाने ते विचारावे, तरच अहिंसा घरात येते. सचोटीपायी दोन व्यवसायांवर पाणी सोडणाऱ्या या थोर व्यापाऱ्यास विनम्र अभिवादन!