मुक्या बटणांना बोलके करणारा : जेफ रास्किन

संगणकाच्या माउसवर बटणे किती असावीत, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. जेफ रास्किन यांना तो पडला आणि त्यांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही.

त्यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. गणित व तत्त्वज्ञान शिकून १९६७ साली त्यांनी संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील कलाविभागात ते अध्यापन करीत होते. ते संगीतज्ञही होते. बोटांना लागलेली सवय म्हणजे काय, हे वादकाला वेगळे सांगावे लागत नाही.

त्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तीन बटणांचा माउस वापरात होता. कोणत्या बटणाने काय घडेल, हे कार्यक्रमागणिक बदले. तिथे जाणे-येणे असलेल्या रास्किन यांनी पाहिले, की सरावलेली माणसेही गोंधळतात.

१९७८ साली ते ॲपल कंपनीत दाखल झाले. १९७९ मध्ये त्यांनी सामान्य माणसासाठी स्वस्त व सोपा संगणक करण्याची योजना हाती घेतली आणि सफरचंदाच्या आवडत्या जातीवरून तिला मॅकिंटॉश हे नाव दिले. त्यांना माउसचे फारसे प्रेम नव्हते. पण तो असलाच, तर त्याला बटण एकच असावे, असा त्यांचा आग्रह होता. लॅरी टेस्लर यांनीही नवख्या माणसांवर प्रयोग करून हाच पक्ष धरला. स्टीव्ह जॉब्स यांच्याशी मतभेद होऊन रास्किन १९८२ मध्ये बाहेर पडले. १९८४ साली मॅकिंटॉश बाजारात आला, तो एका बटणाचा माउस घेऊनच.

चुकीचे बटण दाबले जाण्याची भीती संपली खरी. पण कामे कमी झाली नव्हती. एकदा दाबणे, लागोपाठ दोनदा दाबणे, दाबून धरून ओढणे, हा सारा भार त्या एकाच बटणावर आला. दोन दाबांमधला अवकाश जरा लांबला, की अर्थ बदलतो. थरथरत्या हातांनी काय करावे?

रास्किन यांनी १९८७ साली कॅनन कंपनीसाठी ‘कॅट’ हे यंत्र घडविले. त्याला माउसच नव्हता. आज्ञांची नावे कळांवरच छापलेली होती. ते यंत्र बाजारात फार काळ टिकले नाही, विचार मात्र टिकला. ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या २००० सालच्या ग्रंथात त्यांनी आपला जुना निर्णय स्वतःच तपासला आणि निवडणे, कार्यान्वित करणे, पकडणे अशी नावे लिहिलेली वेगवेगळी बटणे अधिक बरी ठरली असती, हे मान्य केले. दोष बटणांच्या संख्येत नव्हता, त्यांच्या मुकेपणात होता.

२६ फेब्रुवारी २००५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. माणसे एकाच जागी वारंवार अडखळत असतील, तर त्यांच्या बुद्धीला नावे ठेवण्याआधी यंत्राची रचना तपासावी, हा त्यांच्या आयुष्याचा इत्यर्थ. आणि आपण केलेली रचनाही त्याला अपवाद नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.