डेसिबलमधला ‘बेल’ कोण? ईव्हीच्या जमान्यात एका माणसाची गोष्ट

आमच्या धाराशिवमध्ये आता इलेक्ट्रिक स्कूटर वरचेवर दिसायला लागल्यात. मागून आली तरी पत्ता लागत नाही. मग मित्र विचारतात, सगळ्याच गाड्या अशा झाल्या तर गावातला गोंगाट संपेल का? मी सॉफ्टवेअरवाला, आकड्याशिवाय बोलता येत नाही. आणि आवाजाचा आकडा म्हटलं की डेसिबल. त्यातला ‘बेल’ म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल.

जन्म ३ मार्च १८४७, स्कॉटलंडमधलं एडिनबरो. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक, आईला फार कमी ऐकू यायचं. बाकीचे तिच्याशी कानाला लावायच्या नळीतून बोलायचे. हा मुलगा मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खालच्या सुरात बोलायचा. कंपनं तिच्यापर्यंत पोहोचायची.

दोन्ही भाऊ क्षयाने गेले आणि १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं. पुढच्या वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. ७ मार्च १८७६ ला टेलिफोनचं पेटंट मिळालं, आणि १८८२ मध्ये तर मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरूही झालं! १८७७ मध्ये त्यांनी आपल्याच विद्यार्थिनीशी, मेबल हबर्डशी लग्न केलं. तिलाही ऐकू येत नव्हतं. पुढे त्यांनी ऐकण्याची क्षमता मोजणारं यंत्रही बनवलं. गंमत म्हणजे स्वतःच्या अभ्यासिकेत त्यांना फोन नको असायचा.

एक गोष्ट मात्र खटकते. कर्णबधिरांनी खुणांच्या भाषेपेक्षा तोंडाने बोलायलाच शिकावं, असा त्यांचा हट्ट होता. त्याबद्दल कर्णबधिर समाजात त्यांच्यावर आजही टीका होते.

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडात ते वारले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतली टेलिफोन सेवा एक मिनिट थांबवली होती. त्याच दशकात बेल लॅब्सच्या इंजिनिअरांनी तारेतून जाताना सिग्नल किती कमी होतो हे मोजायच्या एककाला त्यांचं नाव दिलं. बेलचा दहावा भाग म्हणजे डेसिबल.

आता मूळ प्रश्न. डेसिबल साध्या बेरीज-वजाबाकीने चालत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा १० पट. समजा, रस्त्यावर सारख्याच आवाजाच्या १०० बाइक आहेत. त्यातल्या ५० इलेक्ट्रिक झाल्या आणि त्यांचा आवाज शून्य धरला, तरी मीटर फक्त ३ डेसिबलने उतरतो. आपल्याकडे रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शिवाय वेग वाढला की टायरचा आवाज येतोच, आणि ईव्हीचा हॉर्न काही पेट्रोल गाडीपेक्षा हळू वाजत नाही.

हॉर्नवर मुंबई पोलिसांनी भारी उपाय दाखवला होता. काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडले. हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! २०२० च्या सुरुवातीला तो व्हिडिओ जोरात फिरला.

पण पूर्ण शांतताही धोक्याची. दृष्टिहीन माणूस गाडीच्या आवाजावरच रस्ता ओलांडतो. त्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला ताशी २० किमी वेगापर्यंत मुद्दाम आवाज काढावा लागतो. बेल यांनी कर्णबधिरांसाठी काय चांगलं ते स्वतःच ठरवलं होतं. इथे ज्यांची अडचण होती, त्यांचं ऐकून नियम झाला. मला हा फरक मोठा वाटतो.

तुमच्या मोबाइलवर साउंड मीटर ॲप टाकून बसस्थानकाजवळ उभे राहा. आकडा अगदी अचूक नसेल, पण हॉर्न वाजला की काटा कुठे उडी मारतो ते बघा. तो हॉर्न बंद करायला नवी गाडी घ्यावी लागत नाही.