न्यायमूर्ती रानडे यांचे इतिहासाध्ययन

आपल्या जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेल्या माधवरावांपुढे विद्यापीठ निवडण्याचा प्रश्न फारसा नव्हता. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली; ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्येच राहिले. निवड होती ती विषयाची. त्यांनी इतिहास व अर्थशास्त्र घेतले, आणि त्याची किंमतही दिली. मराठी राज्य इंग्रजी अमलाहून बरे, असा आशय निबंधात येताच प्रिन्सिपॉल ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. शिक्षकाच्या नात्याने हे मला खटकते. निबंधाला उत्तर निबंधानेच द्यावयाचे असते. पुढे अतिवाचनाने डोळे अधू झाले, तरी १८६४ साली ते एम. ए. झाले. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ मात्र १९०० साली निघाला. पुढच्याच जानेवारीत ते निवर्तले.