तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि लोक शहर सोडू लागले. भीती साऱ्या मुंबई इलाख्यात पोहोचली. आजचा नंदुरबार जिल्हा ज्यात होता, तो खानदेशही याच इलाख्यात होता. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार केली होती.

ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक छोटी खोली ही त्यांची प्रयोगशाळा. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांच्या खाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारले जात. जंतूचे जगणे विकरांवर, म्हणजे एन्झाइमवर चालते. ही विकरे प्रथिने असतात. उष्णतेने त्यांची घडी मोडते आणि जंतूचा चयापचय थांबतो, पण शरीराला शत्रूची ओळख पटण्याइतके अवशेष उरतात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली.

या जंतूची विकरे किती कामाची आहेत, हे पुढे शंभर वर्षांनी उलगडले. फॉस्फोलायपेज डी हे विकर नसेल, तर जंतू पिसवाच्या आतड्यात तग धरत नाही. उलट युरिएज हे विकर पिसवाला घातक ठरते. प्लेगच्या जंतूत ते निकामी झाले आहे, म्हणून पिसू जगते आणि रोग पसरवते. एक विकर मिळवून आणि एक गमावून हा जंतू साथीचा धनी झाला.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. धनुर्वाताचे जंतू बीजाणूच्या रूपात चयापचय जवळजवळ थांबवून पडून राहतात आणि हवा नसलेल्या जागी पुन्हा जागे होतात. त्यांचे विष हेही एक विकरच असते. ते मज्जातंतूंतील एक प्रथिन तोडते आणि स्नायू आखडतात. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुरावे होते, तरी न्याय मिळायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली होती.

परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. लस कितीही गुणकारी असली, तरी ती टोचणारा हात आणि सुई निर्जंतुक असावी लागते, हा धडा मुल्कोवालने दिला. आजही लसीकरणाच्या प्रत्येक शिबिरात तोच पाळावा लागतो.