प्लेगची लस शोधणारे हाफकिन

सांगलीच्या विश्रामबाग भागात आमची शाळा आहे. लस टोचण्याच्या दिवशी सुई पाहून मुले घाबरतात. मुलांनो, लस म्हणजे शरीराला दिलेला धडाच असतो. लसीमुळे शरीर रोगजंतूंना ओळखू लागते आणि ती ओळख लक्षात ठेवते. पुढे तेच जंतू आले, तर शरीर त्यांच्याशी लगेच लढते. या गुणाचा उपयोग करून वाल्डेमार हाफकिन यांनी असंख्य लोकांचे प्राण वाचवले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करू लागले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली. १८९३ साली ते भारतात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक घरेदारे सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी रात्रंदिवस काम केले. त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णता देऊन मारले. मेलेल्या जंतूंमुळे रोग होत नाही. पण शरीराला शत्रूची ओळख पटते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला; पण ते लवकरच बरे झाले.

तरीही लोक लसीला भीत. तेव्हा तिसरे आगाखान यांनी सर्वांसमोर लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली. मग अनेकांना धीर आला.

१९०२ साली मात्र मोठे संकट आले. पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवून त्यांना कामावरून दूर केले गेले. पण चूक लस बनवण्यात नव्हती. गावात बाटली उघडताना नीट स्वच्छता पाळली गेली नव्हती. शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात आले व कलकत्त्यात काम करू लागले.

१९२५ साली मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

शरीर एकदा भेटलेला शत्रू लक्षात ठेवते. आपणही आपल्यासाठी झटलेल्या या परदेशी मित्राला विसरू नये.