डार्विनच्या घरातला पाळणा

आमच्या पिढीतल्या बापाला आपलं पहिलं मूल दिसायचं ते बहुधा बारशालाच. बायको बाळंतपणाला माहेरी, आपण बदलीच्या गावी. दोन दिवसांची रजा टाकायची, एस.टी.नं जायचं, बाळाची मान कशी सावरायची ते सासूबाईंकडून शिकायचं आणि परत येऊन लेजर उघडायचं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम, हे ठरलेलंच होतं. मीही त्यातलाच. म्हणूनच चार्ल्स डार्विनच्या चरित्रात मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो त्याच्या घरातल्या पाळण्यापाशी.

डार्विन म्हटलं की आपल्याला आठवते ती लांब पांढरी दाढी, 'बीगल' जहाज आणि माकड. पण १८३८ साली हा तरुण लग्न करावं की नाही याचा चक्क जमाखर्च मांडून बसला होता. खर्चाच्या बाजूला वेळेचा अपव्यय, पुस्तकांना कमी पडणारे पैसे, जबाबदारीची काळजी. जमेच्या बाजूला मुलंबाळं आणि जन्माची सोबत. शिल्लक लग्नाच्या बाजूनं निघाली! २९ जानेवारी १८३९ रोजी मामेबहीण एमा वेजवूडशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला लंडनच्या अपर गोवर स्ट्रीटवरच्या घरात विल्यमचा जन्म झाला.

तीस वर्षांच्या या बापानं एक वही घातली. पहिल्या आठवड्यात बाळाचं शिंकणं, उचक्या, जांभया, आळोखेपिळोखे. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा कपटा लावून पाहिला, तर बाळानं पाय झटकन ओढून घेतला. नवव्या दिवशी नजर मेणबत्तीवर खिळली. खरंखुरं हसू उमटलं ते पंचेचाळिसाव्या दिवशी. ते मुख्यतः आईकडे पाहताना उमटतं, हेही त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं. त्याच वहीत पुढे एमाच्या हातच्या नोंदीही सापडतात. नवराबायकोचं हे जणू जॉइंट अकाउंटच!

घरात दाया होत्या, नोकर होते. दहा बाळंतपणं सोसली ती एमानंच. पुरुषाचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. शिवाय डार्विनची ही वही शास्त्रासाठीच सुरू झाली होती. पण रोज पाळण्यावर वाकणारा माणूस केवळ शास्त्रज्ञ कसा राहील?

१८४२च्या सप्टेंबरात हे कुटुंब केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेलं. तिथं जन्मलेली मेरी तीन आठवडेच जगली. १८५०च्या जानेवारीत लिओनार्डच्या वेळी डॉक्टर यायच्या आधीच कळा अनावर झाल्या, तेव्हा डार्विननं स्वतःच्या हातानं एमाला क्लोरोफॉर्म दिला. पुढच्याच वर्षी दहा वर्षांची ॲनी माल्व्हर्नला उपचारांसाठी असताना गेली. एमा घरी, दिवस भरत आलेले. उशाशी होता तो बाप. रोज पत्रानं लेकीची खबर कळवत होता. जमाखर्चात मांडलेली काळजी अशी व्याजासकट वसूल झाली.

विल्यमची ती वही मात्र ३७ वर्षं तशीच राहिली. अखेर १८७७ साली तिच्यातल्या नोंदींवरून लिहिलेला लेख 'माइंड' या नियतकालिकात छापून आला. बालमानसशास्त्राच्या आरंभीच्या लेखनात आज त्याची गणना होते. तोवर पाळण्यातला विल्यम साउथॅम्प्टनमध्ये काय करत होता, ठाऊक आहे? तो चक्क बँकेत भागीदार होता!

हे वाचलं आणि मला हसू आलं. मग जरा कसंसंही झालं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खात्यांतल्या नोंदी बिनचूक ठेवल्या. पण माझी लेक पहिल्यांदा कोणत्या दिवशी हसली, ते मला आजही बायकोला विचारावं लागतं.

परवा जावयानं नातवाचं लंगोट बदललं, तेव्हा घरातल्या थोरल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी मात्र उठलो, कपाटातली एक कोरी वही काढली आणि त्याच्या हाती दिली.